इकडील सर्व क्षेम

आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, दुसऱ्या महायुद्धात लढाईवरून आलेली पत्रं एकूण अकरा. आत्याने ती पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. अक्षर आबांचं नाही, पलटणीतल्या कुणा लिहित्या माणसाचं आहे. सगळी पत्रं पणजोबांच्या नावे आणि सगळ्यांची सुरुवात एकसारखी : ‘तीर्थरूप दादांचे सेवेशी बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवीत जावे.’ मग मनिऑर्डर पोचली का, पाऊसपाणी कसं आहे, खोंड विकू नये. शेवटी घरातील लहानथोरांस आशीर्वाद.

‘इकडील’ म्हणजे कुठलं, हे एकाही पत्रात नाही. तसं लिहायला बंदीच होती. पत्त्यात फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असायचा.

आबा जंगी पलटणीत होते, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये. ही बटालियन आठव्या हिंदी, म्हणजे भारतीय, डिव्हिजनमधली. सप्टेंबर १९४३ पासून डिव्हिजन दक्षिण इटलीतल्या तारांतो बंदरात उतरू लागली आणि पूर्व किनाऱ्याने लढत वर सरकली. त्या वर्षाचा हिवाळा तिने सांग्रो आणि मोरो या दोन नद्यांच्या टापूत काढला. गेल्या डिसेंबरात मी सहा दिवस तिथं जाऊन आले. हिवाळाच निवडला, कारण उन्हाळ्यातला तो देश आबांनी त्या वर्षी पाहिला नव्हता.

पहिला दिवस : रोम ते पेस्कारा

रोमच्या तिबुर्तिना स्थानकावरून बस निघाली आणि तासाभरात डोंगर सुरू झाले. आपेनिन्स ही इटलीच्या पाठीचा कणा असलेली रांग. बोगद्यामागून बोगदे. एका बोगद्यात शिरताना रान तपकिरी होतं, बाहेर आलो तर पांढरं. डावीकडे ग्रान सास्सो, पुढे उजवीकडे मायेला. मायेला हा एक डोंगर नाही, दमदार पसरलेला डोंगराचा गठ्ठा आहे. सांग्रोच्या काठावरून सैनिकांना रोज दिसायचा तो हाच. सह्याद्रीची रांग बघून वाढलेल्या पोरांनी याच्याकडे पाहून काय म्हटलं असेल, हा विचार मला पेस्कारा येईपर्यंत सोडेना.

बसमधून उतरल्यावर समुद्राकडून वारा आला. शेजारी उभी असलेली म्हातारी गळपट्टा आवळत म्हणाली, “के फ्रेद्दो!”

मी बॅग खाली ठेवली. आमच्या घरात हा शब्द आहे. पौषात पहाटे आबा शेकोटीपाशी यायचे आणि हात चोळत म्हणायचे, “आज लई फ्रेडो हाय.” आम्हा पोरांना वाटायचं हा आबांचाच शब्द आहे. अजूनही गावाकडे थंडी पडली की चुलतभाऊ फोनवर विचारतो, ‘तुमच्याकडं फ्रेडो हाय का?’ आणि इथं एक अनोळखी बाई तोच शब्द तिच्या हक्काचा म्हणून बोलून गेली. इटालियनमध्ये फ्रेद्दो म्हणजे थंडी. आबांनी परत येताना बाकी काय आणलं ते ट्रंकेत आहे : दोन पदकं, तांबड्या-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची फीत असलेला इटली स्टार, एक पितळी बक्कल. हा एक शब्द तेवढा ट्रंकेबाहेर राहिला आणि तीन पिढ्या वापरात आहे.

दुसरा दिवस : सांग्रो

पेस्काराहून दक्षिणेला जाणारी लोकल सुरुवातीला समुद्राच्या कडेने धावते. मी फोस्साचेझियाला उतरले आणि आधी टेकडीवरच्या सान जोव्हान्नी इन व्हेनेरे या जुन्या मठापाशी गेले, कारण तिथून आखात आणि सांग्रोचं मुख दोन्ही दिसतात.

नदी पाहून मी थोडी गोंधळले. एवढंसं पाणी? पात्र मात्र अफाट रुंद, गोट्यांनी भरलेलं. उन्हाळ्यात आपल्याकडच्या नद्या दिसतात तसं. पण हीच नदी नोव्हेंबर १९४३ मध्ये पावसाने इतकी फुगली की सैन्याने टाकलेले पूल वाहून गेले. ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीचे सेनापती माँटगोमेरी यांना २० नोव्हेंबरच्या सुमारास मोठा हल्ला चढवायचा होता, तो आठवडाभर पुढे ढकलावा लागला. अलीकडच्या काठावर उतरलेल्या तुकड्या पावसात वाट बघत बसल्या. पलीकडच्या उंच धारेवर जर्मन. त्यांना खालचं सगळं दिसत होतं. दिवसा हलायचं नाही, चूल पेटवायची नाही, कारण धूर दिसतो. जे काही करायचं ते अंधारात.

मठावरून उतरून मी नदीकडे चालत गेले. रात्री पाऊस झाला होता. वाट द्राक्षमळ्यांच्या आणि ऑलिव्हच्या बागांच्या मधून जाते. शंभर पावलांत बुटांना चिखलाचे गोळे लागले. चिकट, जड, ओढून धरणारी माती. मी वाकून थोडी हातात घेतली, बोटांनी दाबली. आबांच्या आठव्या पत्रात, पाऊसपाण्याच्या चौकशीनंतर एक ओळ आहे : ‘येथील माती आपल्या वढ्याकाठच्या रानासारखी आहे.’ अकरा पत्रांत ‘इकडील’बद्दल आलेलं हे एकमेव वाक्य. सेन्सॉरने ते जाऊ दिलं, कारण त्यात गाव नाही, पलटण नाही, तोफ नाही. घरीही कुणी त्यावर थांबलं नसावं. पण आमचं वढ्याकाठचं रान मला माहीत आहे. पावसाळ्यात त्यात बैल गुडघ्यापर्यंत जातात. वाफसा आल्याशिवाय तिथं पाऊल टाकायचं नाही, असा घरचा दंडक. त्या रानात रात्रंदिवस, बूट न काढता, आठवडेच्या आठवडे राहायचं, असं त्या ओळीत लिहिलेलं होतं. ऐंशी वर्षं घरात होतं ते. आम्हाला वाचता आलं नाही.

तिसरा दिवस : मोत्साग्रोन्या आणि लान्चानो

धारेवरचं मोत्साग्रोन्या हे लहान, नीटनेटकं गाव. २७ नोव्हेंबरच्या रात्री आठव्या हिंदी डिव्हिजनने इथं हल्ला चढवला. घराघरांतून लढाई झाली, घेतलेलं गाव सोडावं लागलं आणि पुन्हा घ्यावं लागलं. आज चौकात बाक आहेत, बाकांवर म्हातारे आहेत. मी तिथं अर्धा तास बसले. लढाईचं वर्णन करण्याइतकं मला ते कळत नाही, आणि आबांनीही कधी केलं नाही.

ते सांगायचे ते वेगळंच. लान्चानोजवळ मी ज्या शेतघरात उतरले, तिथं त्या सांगण्याला जागा मिळाली. दगडी भिंती, खाली जुना गोठा, वर राहायच्या खोल्या. मालकीणबाईंनी गोठा दाखवला. आता तिथं ऑलिव्हच्या तेलाची भांडी असतात. अशा गोठ्यांतून, गवताच्या गंजींच्या आडोशाने, पडक्या घरांतून पलटणी आळीपाळीने विसाव्याला यायच्या. काही दिवस पुढच्या खंदकात, काही दिवस मागे. मागे आल्यावर पहिलं काम बूट काढायचं. सतत ओल्या बुटांत पाय राहिले की ते बधिर होतात, सुजतात, काळेनिळे पडतात आणि पुढे सडतातही. खंदकातल्या माणसाला गोळीइतकंच याचं भय. म्हणून अधिकारी रोज पाय तपासत. पाय पुसायचे, चोळायचे, कोरडे मोजे चढवायचे. ओले मोजे कपड्यांच्या आत, अंगाशी धरून वाळवायचे.

लहानपणी आम्ही पावसातून घरी आलो की आबा उंबऱ्यावर अडवायचे. “पाय पूस आदी. बोटांच्या मधलं पूस.” नुसतं पुसून भागायचं नाही. ते स्वतः खाली बसायचे, एकेक बोट अलग करून बघायचे. आई चिडायची, पोरं भुकेली आहेत म्हणून. ते ऐकायचे नाहीत. रात्री कंदील घेऊन झोपलेल्यांच्या पायांवर गोधडी आहे का ते बघत फिरायचे. आम्हाला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा.

खाण्याचं ते आवडीने सांगायचे. आटा, डाळ, तूप, गूळ, चहा हे शिध्यात मिळायचं. लांगरी मागे कुठेतरी आडोशाला स्वयंपाक करायचा आणि अंधार पडल्यावर खेचरांवर लादून ते वर यायचं. जिथं जीपगाडीही चिखलात बसायची, तिथं खेचरं जायची. वर पोचेपर्यंत चपात्या गारढोण, डाळ गोठलेली. “पर गुळाचा खडा कवा थंड न्हाई लागत,” असं आबा म्हणायचे. ज्वारीची भाकरी मात्र तीन वर्षं तोंडाला लागली नाही. घरी परतल्यावर पहिली भाकरी त्यांनी कोरडीच, हातावर घेऊन खाल्ली, ही आजीची आठवण.

मालकीणबाईंना मी हे मोडक्यातोडक्या शब्दांत, फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने सांगितलं. त्यांनी काही न बोलता माझे बूट उचलले आणि चुलीशेजारी नेऊन पालथे घातले.

चौथा दिवस : मोरो आणि ओर्तोना

मोरो ही ओढ्याएवढी नदी, पण तिची दरी खोल आहे. डिसेंबर १९४३ च्या सुरुवातीला इथं हिंदी सॅपर्सनी, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या सैनिकांनी, बांधलेल्या पुलाला ‘अशक्य पूल’ म्हणतात. अलीकडच्या उतारावर रस्ता इतका चिंचोळा आणि वळणाचा होता, की बेली पुलाचा, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून उभारायच्या पुलाचा, सांगाडा जोडून पुढे ढकलायला जागाच नव्हती. तेव्हा त्यांनी सामान नदीपार नेलं आणि शत्रूच्या बाजूच्या काठावरून आपल्या बाजूकडे, उलटा पूल बांधत आणला. रात्री, गोळीबारात. मी उतारावर उभी राहून खालचं पाणी पाहत राहिले. उन्हात सगळं इतकं साधं दिसत होतं की ती रात्र मनात उभी करायला मला फार कष्ट पडले.

ओर्तोनात २० ते २८ डिसेंबर कॅनडाचे सैनिक घराघरांतून लढले. गावाबाहेर त्यांची स्मशानभूमी आहे : एकूण १६१५ कबरी, त्यांतल्या १३७५ कॅनडाच्या, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या. शहरात त्या लढाईचं संग्रहालय आहे, कॅनडाच्या सैनिकांचं स्मारक आहे. हिंदी डिव्हिजन तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला, आतल्या टेकड्यांवर लढत होती. व्हिल्ला ग्रांदे हे गाव नाताळच्या त्याच आठवड्यात तिने घेतलं. ते शोधत फारसं कुणी येत नाही. मला याचं वाईट वाटलं आणि ते मी लपवत नाही. इटलीत सुमारे ५० हजार हिंदी सैनिक लढले, ५७०० हून अधिक मेले. त्यांच्यात आपल्या सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा, नगरकडची किती घरं होती! कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव या दोन मराठा जवानांना इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथंच पडले. मोन्तोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं, ही इटलीतल्या लोकांनी ठेवलेली आठवण. आपण किती ठेवली?

पाचवा दिवस : पाऊस

दिवसभर धो-धो. बाहेर पडले नाही. अकरा पत्रांच्या छायाप्रती घेऊन बसले.

३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री या भागात हिमवादळ झालं. त्यानंतर आघाडी गोठलीच. वसंत येईपर्यंत दोन्ही सैन्यं एकमेकांसमोर बसून राहिली, आणि मग डिव्हिजन पश्चिमेकडच्या कासिनोच्या आघाडीवर हलवली गेली. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस पहारा, गस्त, तोफांचे अधूनमधूनचे मारे आणि लांबलचक रात्री यांचे. घराची आठवण अशाच दिवसांत येते. लढाई चालू असताना माणसाला वेळ नसतो.

आबांना घराची आठवण आली तर ती सांगायची कुणाला? पत्र पाठवायचं म्हणजे आधी लिहिणाऱ्यासमोर बोलायचं. मग ते सेन्सॉर वाचणार. गावात पोचलं की शाळेचे मास्तर ओट्यावर बसून मोठ्याने वाचणार, भोवती अर्धी आळी. आजी आत, दाराआड. तिचं नाव पत्रात घ्यायचं नाही, ती रीतच नव्हती. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झालेली. तिच्यासाठी त्या सबंध पत्रात एकच जागा : ‘घरातील लहानथोरांस’. थोर ती नव्हती, म्हणजे लहानांत आली. आजी सांगायची, मास्तर त्या ओळीवर आले की ती पदर सावरायची.

‘तिकडील’ही सगळं क्षेम नव्हतं. १९४३ म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचं वर्ष. नाना पाटलांची माणसं गावागावांत न्यायनिवाडे करत होती. जूनमध्ये शेणोलीजवळ आगगाडी लुटली गेली. पोलीस गावं झोडपत होते. आबांचा धाकटा भाऊ भूमिगतांची चिठ्ठ्यांची कामं करत होता. थोरला राजाच्या सैन्यात, धाकटा राजाचं राज्य उलथायला निघालेला, आणि दोघांची चूल एक. आबांना हे माहीत असावं. तीन पत्रांत ‘धाकट्यास सांभाळावे’ आहे. त्यातल्या एकात त्यापुढे : ‘त्याचे डोके तापट आहे पण मन चांगले आहे, त्यास बोलू नये.’ ज्या सरकारचा सेन्सॉर हे वाचणार, त्या सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या भावासाठी आबांनी एवढंच लिहिलं.

मला शहाण्या माणसांनी विचारलं आहे, तुझ्या आजोबांना लाज वाटत नव्हती का, इंग्रजांसाठी लढायची. आबा लष्करात गेले तेव्हा घरात सावकाराचं कर्ज होतं आणि बारा तोंडं होती. पगारातला हिस्सा घरी यायचा, त्यावर ते कर्ज फिटलं. त्याच घरात धाकट्याला लपवलं गेलं, त्याच पैशाच्या धान्यावर रात्री येणाऱ्या भूमिगतांना जेवण घातलं गेलं. मला दोघांचाही अभिमान आहे, आणि एकाचा धरायचा म्हणून दुसऱ्याचा सोडायला मी तयार नाही.

संध्याकाळी पाऊस थांबला. मायेलावर नवा बर्फ पडला होता.

सहावा दिवस : तोरिनो दी सांग्रो

सांग्रो नदीची युद्ध-स्मशानभूमी शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती. उतारावर ओळीने पांढरे दगड, २६०० हून अधिक. गवत नीट कापलेलं, कुठंही पालापाचोळा नाही. मुसलमान सैनिकांच्या कबरी दगडांच्या ओळींत आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला गेला, त्यामुळे त्यांची कबर नाही, त्यांच्यासाठी वेगळं दहन-स्मारक आहे. इटलीत अशी तीनच आहेत. इथल्या स्मारकावर पाचशेहून जास्त नावं. रेजिमेंटवार.

मराठा लाइट इन्फंट्रीची नावं सापडली तेव्हा मी ती मोठ्याने वाचायला लागले. आपोआप. रोमन लिपीत ती आखडल्यासारखी दिसतात, तोंडातून बाहेर आली की लगेच माणसं होतात. यांतल्या एकाचा आबांशी एका गावाचा, एका भरतीचा संबंध होता. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, घरची माणसं आहेत. बोट ठेवून उभी राहिले. अक्षरं गार होती.

अशा स्मशानभूमीत पितळी झाकणाच्या कप्प्यात नोंदवही असते. त्यात प्रत्येकाची नोंद : नंबर, हुद्दा, तारीख. आणि काही नावांपुढे आणखी एक ओळ असते, मला ती ठाऊक नव्हती. अमुकचा मुलगा. तमुक गावचा, सातारा. आणि त्याच्याही आधी, अमुकचा नवरा. तिथं बाईचं नाव. सरळ, छापलेलं.

मी पानं उलटत गेले. एकामागून एक बायकांची नावं. ज्यांना पत्रात जागा नव्हती, ज्या दाराआड उभ्या राहून मास्तरांचा आवाज ऐकत होत्या, ज्यांचं नाव नवऱ्याने उखाण्याशिवाय कधी घेतलं नसेल, त्यांची नावं समुद्रापलीकडच्या एका टेकडीवर, पितळी झाकणाआड जपलेली. पण नवरा गेला तरच ही ओळ मिळणार. आबा परत आले, म्हणून माझ्या आजीचं नाव या वहीत नाही. हे लक्षात आलं आणि मी तिथंच पायरीवर बसले.

येणाऱ्यांनी लिहायची दुसरी वही असते. त्यात मी तारीख, गाव, तालुका लिहिला. खाली ‘जंगी पलटणीतील एका जवानाची नात’. मग ‘नात’ शब्दापुढे आजीचं पूर्ण नाव लिहिलं.

परतताना पुन्हा पाऊस लागला. स्टेशनपर्यंत चालत गेले, लोकल यायला वीस मिनिटं होती. गाडीत बसल्यावर बूट काढले, मोजे काढले. समोरची मुलगी बघत होती. टॉवेल काढून आधी टाचा पुसल्या, मग तळवे, मग एकेक बोट अलग करून त्यांच्या मधलं. कोरडे मोजे घातले. गाडी सांग्रोवरून गेली तेव्हा खाली पाणी वाढलेलं होतं.